वाचलेल्या पुस्तकांविषयी, भीड न ठेवता

आपल्या अंकांतून पुस्तकांविषयी लिहिताना आपण फार गोड लिहितो, असे माझे मत आहे. पुस्तक बाईने लिहिलेले असले की 'धाडसी', दलित बाईने लिहिलेले असले की 'दाहक', आणि चळवळीतल्या कुणी लिहिलेले असले की 'प्रत्येक कार्यकर्तीने वाचावे असे'. झाले परीक्षण! पुस्तकात काय पटले, काय खटकले, कुठे कंटाळा आला, याचा पत्ता लागत नाही. दीडशे-दोनशे पानांचे पुस्तक वाचायला आपल्या बायकांना दोन-दोन महिने लागतात, तेही रात्री सगळे निजल्यावर. एवढ्या कष्टाने वाचलेल्या पुस्तकाविषयी खरे बोलायचा हक्क तरी आपल्याला हवाच ना?

इस्लामपुरात आमचा बारा-चौदा जणींचा वाचनगट आहे. (२०२५ साली गावाचे नाव ईश्वरपूर करायचा निर्णय झाला. आमची जीभ अजून वळलेली नाही, आणि गटातल्या काही जणींना ती वळवायचीही नाही.) अंगणवाडी सेविका, आशा, एक नर्स, दोघी शिवणकाम करणाऱ्या, एकीची पिठाची गिरणी, आणि मी, निवृत्त शिक्षिका. म्हणून सगळ्या मला 'बाई' म्हणतात आणि माझे मत शेवटी विचारतात. इथे मी ते आधीच सांगून टाकते. गटातल्या सगळ्यांना ते मान्य आहे असे मात्र नाही.

सुरुवात 'ययाति'ने झाली, कारण ती घरोघरी असते. खांडेकर सांगलीत जन्मले, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. पुस्तक १९५९ चे, १९७४ साली त्याला ज्ञानपीठ मिळाले. अजून मुलींना लग्नात आणि वाढदिवसाला ही कादंबरी भेट देतात. मी स्वतः कॉलेजात असताना ती डोळे पुसत वाचली होती. आता वाचताना कंटाळा आला. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापली बाजू सांगतात खरे, पण तिघांच्या तोंडी भाषा एकाच माणसाची आहे. मानी, हक्क सांगणारी बायको वाईट आणि काही न मागता प्रेम देणारी दासी चांगली, हा हिशेब पहिल्या पन्नास पानांत कळतो. देवयानीचा राग मला तर बराचसा रास्त वाटला. त्या रागाकडे कुणी नीट पाहिले असते तर कादंबरी वेगळी झाली असती.

त्याच १९५९ साली अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' आली, आणि तिला प्रस्तावना खांडेकरांची. एकाच वर्षातली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. वाटेगाव आमच्याच वाळवा तालुक्यातले. 'फकिरा' मोठ्याने वाचायला सुरुवात केली तेव्हा गिरणीवाली म्हणाली, "ह्यातली वाट मला म्हाईत हाय, माझं माहेर तिकडंच." दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटणारा फकिरा आणि गावाच्या इभ्रतीसाठी मरणारा त्याचा बाप यांच्या कथेत आमचा गट असा रंगला की दोन बैठकांना चहा करायचेसुद्धा राहिले.

पण एक गोष्ट बोललीच पाहिजे. अण्णाभाऊंच्या बायका शूर असतात, कष्टाळू असतात, वेळ आली तर विळा उगारतात, मात्र त्यांच्या शौर्याची परीक्षा नेहमी एकच असते, अब्रू राखण्याची. 'वैजयंता' वाचताना हे जास्त जाणवले. अण्णाभाऊंनी तमाशाच्या फडात स्वतः काम केले होते, त्यामुळे फडातल्या बाईचे पोट, तिची कला, तिच्याकडे बघणारे गाव हे सगळे त्यांना आतून माहीत. तमासगिरीण म्हणजे वाईट चालीची, ही समजूत मोडायला ते निघतात. मोडतात कशी, तर ती शीलवान आहे हे दाखवून! शीलवान नसती तर तिला माणूस म्हणायचे नव्हते काय? आमच्या नर्सबाईंनी यावर मला अडवले. त्या म्हणाल्या, "बाई, ज्यांच्या अब्रूला अब्रूच म्हणत नव्हते, त्यांच्यासाठी हे लिहिणं केवढं मोठं होतं, ते तुम्हाला तुमच्या घरातून नाही कळायचं." त्यांचे म्हणणे मी मान देऊन इथे नोंदवते. माझा प्रश्नही मी मागे घेत नाही.

पी. साईनाथ यांचे 'द लास्ट हीरोज' हे पुस्तक २०२२ चे, मराठीतही ते आलेले आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या साध्या माणसांच्या भेटी त्यात आहेत. आम्ही त्यातले आपल्या भागाचे तेवढे आधी वाचले : कुंडलचे कॅप्टन भाऊ आणि हौसाताई पाटील. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही लेक २०२१ साली वारली. प्रतिसरकारचा इतिहास आपल्याकडे भाषणांतून इतका ऐकवतात की कान किटतात. १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून लुटलेला पगाराचा पैसा, तुफान सेना, पत्री मारणे, सगळे पाठ. या सगळ्यात बायका कुठे, तर भाकरी बांधून देणाऱ्या. हौसाताईंचे प्रकरण वाचल्यावर हे चित्र बदलते.

पोलीस ठाण्यातल्या बंदुका पळवायच्या होत्या. पोलिसांचे लक्ष बाहेर वेधायला हौसाताई आणि एक साथीदार यांनी ठाण्यासमोर सोंग केले. तो दारुडा नवरा, ती मार खाणारी बायको. तो तिला बडवतो आहे, दगड डोक्यात घालीन म्हणतो आहे, ती ओरडते आहे. पोलीस बाहेर आले, भांडण सोडवू लागले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आत जाऊन काम उरकले. सोंगातला मार मात्र खराच जोराचा बसला होता, अशी त्यांची कुरकुर म्हातारपणीही शिल्लक होती. पुस्तकात हे हसत-खेळत येते, आणि गटातल्याही सगळ्या हसल्या.

मग अंगणवाडीवाली म्हणाली, "म्हंजे सगळ्यात खरं वाटंल असं सोंग कुटलं, तर बायकुला मारायचं."

मला वाटते, अख्ख्या पुस्तकावरचे हे सर्वात नेमके परीक्षण आहे. कुणालाही संशय येणार नाही अशी एकच गोष्ट त्या क्रांतिकारकांना सुचली, कारण ती रोज दारोदारी चालू होती. आणि याच प्रतिसरकारने बायका छळणाऱ्या पुरुषांना शिक्षाही केल्या होत्या! एका बाजूने त्या माराची शरम, दुसऱ्या बाजूने त्याच्यावर भरवसा. साईनाथ यांनी ही जागा ओलांडून पुढे जायला नको होते. पुस्तक चांगले आहे, माणसांवरच्या मायेने लिहिलेले आहे, पण इथे लेखकाने एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता. मार सोसत उभी राहणारी ती कोण होती, घरी गेल्यावर तिला कोण काय म्हणाले? लाकडी पेटीच्या आधाराने रात्री मांडवी नदी पार करणारी ही बाई. तिला विचारले असते तर तिने सांगितले असते.

आणखी एक. त्या काळचे पोलीस निदान ठाण्याबाहेर तरी आले. गेल्या वर्षी आमच्यातल्या दोघी एका शेजारणीला घेऊन एका ठाण्यात गेल्या, तेव्हा तिघींना तीन तास बाकावर बसवून 'घरचं भांडण आहे, घरीच मिटवा' म्हणून परत पाठवले. १९८३ साली ४९८-अ आले, ते २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही आहे. ठाण्यातला बाक मात्र तोच.

आता ज्या दोन पुस्तकांवरून आमच्या गटात खरे भांडण झाले, त्यांच्याकडे येते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि मल्लिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४). दोन्ही आत्मकथने, दोन वर्षांच्या अंतराने आलेली, आणि अगदी उलट्या स्वभावाची.

मल्लिकाबाई शाहीर अमर शेखांची लेक. हे अमर शेख म्हणजे अण्णाभाऊंच्या लाल बावटा कलापथकातले सोबती. मुंबईतले, पुस्तकांचे, पुरोगामी घर. तिने लग्न केले नामदेव ढसाळांशी, कवी आणि पँथरशी. आणि मग घरात काय घडले ते तिने नाव घेऊन लिहिले : व्यसने, मारहाण, नवऱ्याकडून लागलेले गुप्तरोग, मुलासाठीची ओढाताण. काही झाकलेले नाही. बाहेर क्रांतीची भाषा बोलणारा पुरुष घरात कसा वागतो हे चळवळीतल्या बायका एकमेकींना कानात सांगत होत्या, ते तिने छापले. पुस्तक वाचताना धाप लागते. सगळेच आवडले असे नाही. काही ठिकाणी लेखिका स्वतःच्या दुःखाकडे फार जवळून बघते, आसपासची माणसे पुसट होतात. पण तिचे धाडस निर्विवाद आहे, आणि हे मी 'धाडसी' हा शब्द स्वस्त झालेला असतानाही लिहिते आहे.

बेबीताईंच्या पुस्तकात 'मी' फार कमी वेळा भेटते. सगळीकडे 'आम्ही'. वीरगावचा महारवाडा, आखाडातल्या जत्रा, अंगात येणे, भूक, निवडुंगाची बोंडे खाऊन काढलेले दिवस, बाळंतपणात मरणाऱ्या पोरी, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दांनी उठून उभ्या राहिलेल्या बायका. आपल्या माणसांनाही त्या सोडत नाहीत. संशयावरून सुनेचे नाक कापणारे नवरे आणि त्यांना चिथावणाऱ्या सासवा, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. भाषा अशी की मोठ्याने वाचताना अंगणवाडीवालीने पुस्तक माझ्या हातून काढून घेतले. "बाई, तुमी वाचू नका, तुमच्या तोंडात हे बसत न्हाई." खरे होते.

पण सगळ्या पुस्तकात बेबीताईंचा स्वतःचा नवरा जवळजवळ नाहीच. माया पंडित यांनी २००८ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताई सांगतात की नवरा संशय घ्यायचा, मारायचा, आणि हे सगळे लिखाण त्यांनी किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून केले. वीस वर्षे लपवले! फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी विचारल्यावर त्या वह्या बाहेर आल्या.

इथे भांडण लागले. एकीचे म्हणणे, हे अर्धे सत्य झाले. सगळ्या गावच्या सासवा-सुनांचे सांगितले आणि आपल्या उंबऱ्याच्या आतले गाळले. शिवणकाम करणारी म्हणाली, "तिनं झाकलं ते बरं केलं. सांगितलं असतं तर लोकांनी तेवढंच वाचलं असतं." नर्सबाई म्हणाल्या, "आणि वरच्या जातीतल्यांनी म्हटलं असतं, बघा, यांचे पुरुष असेच." तिसरी म्हणाली, मग मल्लिकाने काय करायचे होते, गप्प बसायचे होते?

माझे मत सांगते. आपण शिबिरांत बायकांना गोल बसवतो आणि 'बोला, मोकळेपणाने बोला' म्हणतो. कुणी रडत रडत बोलली की शिबिर यशस्वी झाले असे अहवालात लिहितो. जी बोलत नाही, तिची 'जाणीव-जागृती व्हायची आहे' असे समजतो. बेबीताईंची जाणीव जागी नव्हती असे म्हणायची कुणाची छाती आहे? त्यांना कळत होते की काय सांगितल्याने आपल्या समाजाचे काय होईल, आणि आपल्या घरात रात्री काय होईल. त्यांनी निवड केली. पण म्हणून त्या गप्प राहण्याला थोरवी चिकटवणाऱ्यांच्याही मी बाजूची नाही. मोठेपण म्हणून कुणी वीस वर्षे वही लपवत नाही, भीती असते म्हणून लपवते. तेव्हा पुस्तकाच्या प्रत्येक मराठी आवृत्तीत पहिल्याच पानावर छापावे की हे पुस्तक कुठे बसून, कुणापासून लपवून लिहिले गेले. नवरा पुस्तकात नाही, पण पुस्तक तसे का आहे त्याचे एक कारण तो आहे.

दोन्हींतले एकच निवडायचे तर? मी मल्लिकाबाईंचे पुस्तक कार्यकर्त्यांना वाचायला देईन, पुरुष कार्यकर्त्यांना तर आधी. आणि बेबीताईंचे वस्तीत मोठ्याने वाचेन.

'रुचिरा'चे नाव काढले तेव्हा गटातल्या दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या. स्त्रीमुक्तीच्या गटात पाककृतीचे पुस्तक? का नाही? कमलाबाई ओगले मूळ कुंडलच्या, ज्या कुंडलातून प्रतिसरकार चालले. त्यांचे पुस्तक १९७० साली किर्लोस्करांनी काढले, आणि मराठी बाईने लिहिलेले इतके खपलेले दुसरे पुस्तक शोधावे लागेल. त्याचे मोठेपण वाटी आणि चमच्यात आहे. 'अंदाजाने', 'हाताच्या मापाने' ही सासूकडची गुप्त विद्या त्यांनी वाटीत मोजून कुणालाही दिली. सासरी न पटणाऱ्या, नोकरीसाठी दूर राहणाऱ्या किती पोरी या पुस्तकावर जगल्या असतील! तक्रार एवढीच की हे एका घरचे स्वयंपाकघर आहे आणि त्याला 'महाराष्ट्राचे' म्हणतात. बेबीताईंच्या पानांतले अन्न त्यात नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) शेजारी ठेवा. तेल-तूप-दूध यांचा वास नसलेल्या चुलीवर मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होते, ते त्यात आहे. दोन्ही पुस्तके मिळून एक फळी पुरी होते.

कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) वाचा, पण कादंबरी म्हणून फार अपेक्षा ठेवू नका. नवऱ्याचे घर सुटलेली प्रफुल्ला एका संस्थेत कामाला लागते आणि आदिवासी भागातल्या स्त्री-सरपंचांना भेटत फिरते. बाया येतात, आपली कहाणी सांगतात, जीप पुढे निघते. मधल्या शंभर पानांत मला कोण कुठली ते आठवेना. सरपंच बाई जीपमधून दिसते तेवढीच दिसते. पण एका गोष्टीसाठी मी ती तीनदा वाचेन. संस्थांकडे इतक्या थंड डोळ्यांनी बघणारे लिखाण आपल्याकडे थोडे. प्रवासखर्चाची बिले, निधी देणाऱ्यांसाठीचे फोटो, बायकांच्या नावावर मोठे होणारे साहेब. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या, तरी आमच्या तालुक्यात ग्रामपंचायतीत फोन केला की 'सरपंचांना देतो' म्हणत नवऱ्याच्याच हातात फोन देतात. ब्र काढायची सोय कायद्याने झाली, खुर्ची मात्र तोच अडवून बसलेला. गटातल्या, संस्थेत पगारी काम करणाऱ्या दोघींना हे पुस्तक आवडले नाही. का, ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

शेवटचे वाचन पुस्तक नव्हे, सरकारी अहवाल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दिलेला. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींचे गर्भाशय काढलेले. आकडे वाचून गटात कुणी काही बोलले नाही. ऊस आमच्या दारचा आहे. दिवाळीच्या मागे-पुढे टोळ्या येतात, साखराळ्याच्या कारखान्याच्या रस्त्याला पाली पडतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता', उचल नवऱ्याच्या हातात. बाळंतपण, पाळी, आजारपण यांचा खाडा पडतो, तो दंड म्हणून कापला जातो. अहवाल म्हणून ठीक आहे, शिफारशी आहेत, तक्ते आहेत. त्यात एकही बाई बोलत नाही.

गेल्या हंगामात आम्ही तिघी संध्याकाळी एका पालीवर गेलो आणि 'जिणं आमुचं'मधली बाळंतपणाची पाने वाचली. वाचायला अंगणवाडीवाली. पाच-सहा बाया भाकरी थापता थापता ऐकत होत्या. एकीने विचारले, "हिला लिवायला येळ कधी घावला?" मी दुकानाचे सांगितले, वह्या लपवण्याचेही सांगितले. ती म्हणाली, "आमच्याकडं लपवायला भिंत न्हाई."

पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा जाणार आहोत. वही नेणार नाही, मोबाईलवर बोलणे घेऊ, कारण तिथे कुणाला थांबून लिहायला सवड नसते. घेतलेले बोलणे त्यांना परत ऐकवायचे, त्या 'हे काढा' म्हणतील ते काढायचे, नावे घालायची की नाही ते त्यांनीच सांगायचे, इतके गटात ठरले आहे. नवऱ्याचे नाव घालायचे की नाही यावर अजून एकमत नाही. ज्या गटांनी असे काम केले असेल त्यांनी आपला अनुभव कळवावा. आमच्याकडे टोळ्या साधारण मार्चअखेरीपर्यंत असतात.